राजूरची बिनछताची गाडी

राजूरच्या कल्याण मंडपवाल्यानं लाल गाडी आणली, तेव्हा गणपतीच्या दर्शनाला निघालेली माणसं आधी तिच्यापाशी थांबू लागली. गाडी जर्मन, दोन दारांची, दोघांनीच बसायची. बटण दाबलं की छत घडी होऊन मागच्या डिक्कीत जायचं. वय मात्र अठरा वर्षं. पुण्याच्या एका दलालानं साडेआठ लाखांना दिली. त्याची बायको दैवशाला त्याला म्हणाली, "एवढ्यात नवी कोरी गाडी आली असती."

"नव्या कोऱ्या गाडीत कोणता नवरदेव मिरवतो? ही दोन सीझनमधी पैसे फेडते, बघ तू."

पहिल्या महिन्यात सात मिरवणुका मिळाल्या. सातव्या मिरवणुकीत, बँजो ऐन रंगात आलेला असताना, बॉनेटमधून वाफ निघाली.

जालन्यात निजामोद्दीनचं गॅरेज होतं. स्टील कारखानदारांच्या भारी गाड्या त्याच्याकडंच येत. त्यानं बराच वेळ आत डोकं घालून पाहिलं, मंग हात पुसत म्हणाला, "कल्याणभाऊ, ही गाडी पळायसाठी बनवलेली हाय. तुम्ही तिला बँजोच्या मागं दोन-दोन घंटे चालवून राह्यले."

"मंग काय नवरदेवाला पळवू, निजामभाई?"

निजामोद्दीन हसला न्हाई. पाण्याचा पंप गेल्ता. तो मुंबईहून मागवायचा होता, अडतीस हजारांचा. पंप यायला बारा दिवस लागले, तेवढ्यात तीन लग्नं निघून गेली आणि कल्याणला घेतलेला विसार परत करावा लागला.

पंप बसला तर मागचे टायर संपले. ते पुढच्यापेक्षा रुंद, त्या मापाचे जालन्यात कोणाकडं न्हाईत. टायर आले तर काच खाली जाईना. काच दुरुस्त झाली तर छताला खोड लागली, मनात आलं तर उघडायचं, न्हाईतर बसून राहायचं. गाडी एवढी बुटकी की गतिरोधक आला की पोट घासायचं. म्हणून कल्याण दोन जाड फळ्या सोबत ठेवी. मिरवणूक थांबवायची, फळ्या टाकायच्या, गाडी चढवायची, फळ्या उचलायच्या. वाजंत्रीवाले तेवढ्या वेळात बिड्या ओढून घेत. मंडपाचे, खुर्च्यांचे, जनरेटरचे जे पैसे यायचे ते सगळे गाडीच्या पोटात जायला लागले. दर वेळी तो दैवशालाला सांगायचा, हा शेवटचा खर्चा. ती 'हूं' म्हणायची. त्या 'हूं'चा त्याला जास्त राग यायचा.

मे महिन्यात पिंपळगाव रेणुकाई या गावात लग्न होतं. वेशीपाशी छत उघडायला लागलं आणि अर्ध्यात अडकलं. खालीही येईना, मागंही जाईना. नवरदेव मान वाकवून बसला, फेट्याचा तुरा छताला टेकत होता. कल्याण एका हातानं बटण दाबत, दुसऱ्यानं घाम पुसत गाडी हाकत होता. त्या गडबडीत मंदिराआधीचा गतिरोधक त्याला दिसलाच न्हाई. खालून खणखणीत आवाज आला आणि रस्त्यावर काळं ऑइल पसरलं.

पुढं मंदिरापर्यंत वऱ्हाडानंच गाडी ढकलली. सगळ्यांच्या हातात मोबाईल होतेच. संध्याकाळी कल्याण भाडं मागायला गेला, तर नवरदेवाचे वडील साहेबराव शांतपणे म्हणाले, "पैसे कशाचे मागून राह्यला? गाडी तर आम्ही ढकलली."

कल्याण रिकाम्या हातानं परत फिरला.

ऑइलची टाकी फुटली होती. ती परदेशातूनच येणार, आणि अर्धे पैसे आधी. त्यानं ते भरले. मंग चिडून गाडी विकायला काढली. एक जण संभाजीनगरहून आला, भोवती फिरला आणि सव्वा लाख म्हणाला. कल्याणनं त्याला चहासुद्धा विचारला न्हाई.

त्या रात्री जेवताना दैवशाला म्हणाली, "तिला ट्रॉलीवर ठेवा."

"काय?"

"ट्रॉलीवर. फुलं लावा, लाइट लावा, ट्रॅक्टर पुढं जोडा. छत तर उघडतच न्हाई धड, ते काढून टाका. नवरदेवाला कुठं चालवायचीय ती?"

दोन दिवस तो छताचं बटण दाबून दाबून पाहत राह्यला. तिसऱ्या दिवशी वेल्डरकडं गेला.

पुढच्या हंगामात बिनछताची लाल गाडी ट्रॅक्टरमागं निघाली. नवरदेव इतका उंच बसे की गच्चीवरच्या बायकांनाही समोर दिसे. तापायचं न्हाई, घासायचं न्हाई, फळ्या टाकायच्या न्हाईत. तुळशीच्या लग्नानंतर पौषापर्यंतच्या सगळ्या तारखा भरल्या. भोकरदनहून माणसं विचारत येऊ लागली. दैवशाला फोनवर भाव ठरवायची, आणि कल्याण ट्रॅक्टरवर बसून कानावर आदळणारा बँजो ऐकायचा. धंदा चालला होता आणि त्याला तोंड कडू पडल्यागत वाटत होतं. लोक म्हणायचे, काय डोकं चालवलं कल्याणनं. तेव्हा तर जास्तच.

पौषात लग्नं थांबली आणि निजामोद्दीनचा फोन आला. "टाकी आलीय. बाकीचे पैसे घेऊन या."

"आता काय करू तिचं? परत देऊन टाका."

"ते लोक परत घेत न्हाईत, भाऊ."

कल्याण बसनं जालन्याला गेला, पैसे मोजले आणि टाकी मांडीवर घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी निजामोद्दीनचा माणूस आला आणि ट्रॉलीवर चढून, जॅक लावून गाडीखाली आडवा होऊन टाकी बसवायला लागला. झेंडूच्या सुकलेल्या माळा अजून दारांना लटकत होत्या. दैवशाला दारात आली.

"आता कशाला बसवून राह्यले?"

"पैसे दिलेत," ट्रॉलीवर उभा कल्याण म्हणाला आणि त्या माणसाला पाना द्यायला खाली वाकला.