स्टीलच्या डब्याची पोच

कामगार न्यायालयाच्या बातम्या करताना तडजोडीचे बरेच कागद वाचावे लागले. त्यांचा साचा ठरलेला असतो. वाद काय होता हे दोन ओळींत उरकतात आणि हक्क सोडल्याचा मजकूर अर्धं पान चालतो. मागील, चालू, भविष्यातील, ज्ञात, अज्ञात, कोणत्याही स्वरूपाचा दावा उरलेला नाही. लिहिणाऱ्याला यात कायदा दिसतो. मला त्यात दुसऱ्याच्या कागदावरून केलेली नक्कल दिसत आली आहे.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने असाच कागद एका कामगार बाईपुढे ठेवला होता. टॉवेल कापण्याच्या यंत्राला जाळी नव्हती आणि तिची दोन बोटं त्यात सापडली. तिने कारखाना निरीक्षकांकडे तक्रार केली. कंपनीने शस्त्रक्रियेचा खर्च दिला, तिने तक्रार मागे घेतली, कागदावर सही केली. प्रकरण एवढंच होतं.

हात बरा झाल्यावर डॉक्टरांचा दाखला घेऊन ती कामावर गेली, तेव्हा वॉचमनने तिला गेटवरच अडवलं.

"मावशी, तुमी तर समदं सोडलंय म्हनं. सही हाय की तुमची."

"तक्रार सोडली म्या. काम कुटं सोडलं? नवरा सोडला न्हाय आजवर, तर काम सोडतीया व्हय!"

तिचा नवरा घरीच असे. घर तिच्या कामावर चालत होतं. ते काम परत मिळावं एवढीच तिची न्यायालयात मागणी होती.

कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद ऐटदार होता. शब्द स्पष्ट आहेत, बाई सातवी शिकलेली आहे, सही कबूल आहे. 'कोणताही दावा' म्हणजे कोणताही, त्यात नोकरीही आली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण कंपनीत हा मजकूर सर्रास वापरतात आणि सगळे समजून सही करतात, हे दाखवायला त्यांनी अशा कागदांची अख्खी फाइल दाखल केली. ती आधी वाचण्याची तसदी मात्र घेतली नव्हती.

न्यायाधीशांनी ती वाचली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की कारखान्यात प्रत्येकाला पेढे आणि एक स्टीलचा डबा मिळे. कार्यालयाकडे चांगला म्हणावा असा एकच मसुदा असल्याने डब्याची पोचही त्याच मसुद्यावर घेतलेली होती. डबा मिळाला, आता कोणत्याही स्वरूपाचा दावा उरलेला नाही. पहिली सही व्यवस्थापकांची.

"हे व्यवस्थापक अजून नोकरीत आहेत?"

"आहेत, साहेब. मागेच बसलेत."

"डबा घेऊन यांनी नोकरी सोडली नाही?"

"साहेब, तो कागद फक्त डब्यापुरता आहे."

"वकीलसाहेब, हे तुमचंच म्हणणं म्हणून लिहून घेऊ?"

मागच्या बाकावर हशा पिकला. व्यवस्थापक मोबाइलमध्ये पाहू लागले.

निकालात नवीन काही नव्हतं. कागद ज्या वादासाठी झाला त्या वादाच्या उजेडात वाचायचा. ज्या गोष्टीचा दोन्ही बाजूंच्या बोलण्यात विषयच नव्हता, ती ढोबळ शब्दांच्या पोत्यात कोंबता येत नाही. नोकरीही सोडायला लावायची असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. यंत्राच्या जाळीची तक्रार मात्र तिने खरोखरच सोडली होती, ती परत उघडणार नाही, हेही निकालात होतं. बाईला कामावर घेण्याचा आदेश झाला. हे ठरायला दोन वर्षं लागली.

बाहेर व्हरांड्यात व्यवस्थापकांनी तिला गाठलं. त्यांचा आवाज अजून साहेबाचाच होता.

"कापायच्या यंत्रावर तुम्हाला जमणार नाही आता. पॅकिंगला बसावं लागेल."

"बसवा की कुटंबी," ती म्हणाली. "फक्त गेटवाल्याला आत्ताच फोन लावा. माज्या समोर."

त्यांनी फोन लावला.