आमदारांतर्फे

बंगळुरूच्या पूर्व भागात गेल्या वर्षी झालेल्या निम्म्या लग्नांना, बारशांना आणि मयतांना, तिथल्या कुणालाही न ओळखता हजर राहिलेली एकच व्यक्ती असेल, आणि ती के. आर. पुरमला माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती. नागपूरची मुलगी, राज्यशास्त्रात एम.ए. करायला आलेली. एक सत्र प्रत्यक्ष काम करायचं म्हणून कॉलेजनं तिला एका आमदारांच्या कचेरीत पाठवलं. विधेयकं वाचायला मिळतील या आशेनं ती रंगीत मार्कर घेऊन गेली. तिथं तिच्या हातात हार, शाल आणि फळांची टोपली देऊन सांगण्यात आलं, "साहेबांना वेळ नाही, तुम्हीच जाऊन या."

तेव्हापासून बाईसाहेब रोज कुणाच्या तरी घरी. चिकपेटच्या बाजारातून तिनं राखाडी, बारीक जरीची साडी आणली; लग्नात शोभेल आणि मयताच्या घरी खटकणार नाही अशी. कन्नड म्हणाल तर 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच. ते लग्नात हसून म्हणायची, मयताला मान हलवून. लग्नात हाती पडलेले नारळ माझ्या ओट्यावर ठेवायची आणि वर मलाच शिकवायची, "काकू, मतदारसंघ पुस्तकात नाही ना कळत, पंगतीत कळते." वड्या करून करून मी दमले. लोक तिला आग्रहानं जेवू घालत, फोटो काढत, नाव मात्र कुणी विचारत नसे. घरी आली की जिन्यातच माझ्याशी बोलत उभी राहायची, वर जायचं नाव काढायची नाही.

अशात धाकट्या बहिणीचा साखरपुडा नागपूरला ठरला. तिनं रजा मागितली. हजेरी भरली नाही तर सत्र वाया जाईल, असं कॉलेज म्हणालं, आणि कचेरीनं त्याच दिवशी तिला होसकोट्याच्या एका साखरपुड्याला धाडलं. गेली बिचारी. नवरीला हार घालताना तिला रडू आवरेना. नवरीच्या आईनं तिला पोटाशी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाली. शेजारणीनं हिंदीत अर्थ सांगितला : बघा, आमदारांचं आपल्यावर केवढं प्रेम!

हे मला सांगताना आधी ती खूप हसली. मग म्हणाली, "काकू, तुमच्याकडे नाही का काही कार्य? येईन ना मी. माझीच म्हणून."

हे गेले, मूलबाळ नाही. माझ्याकडे कसलं कार्य निघणार?

"आहे की. स्वल्प, थोडं थांब," मी म्हणाले आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

ती वर गेली, केस विंचरून खाली आली आणि दाराबाहेरच उभी राहिली, मी 'ये' म्हणण्याची वाट बघत.