गिलाव्याखालचा दगड

आधी वाचकांची माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. नोकरीत मी लिहिले ते पंचनामे, जबाब आणि वरिष्ठांकडे जाणारे अहवाल. आमचं घर पेणकडचं, भातशेतीचं. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पोरगा शिकला म्हणजे त्याला काहीही लिहिता येतं, अशी घरच्यांची समजूत होती. ती खरी नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तरीही एका तपासाची हकिकत मांडायचं धाडस करतो आहे. त्या तपासातल्या काही माणसांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. वर्दी अंगावर असताना ती सवय नसते. नावं कुणाचीच देत नाही, गावाचंही नाही.

किती तपास केले आणि किती विसरलो, पण हा विसरता आला नाही. एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी नाशिकचं ट्रेनिंग आटोपून फौजदार झालो आणि कुलाबा जिल्ह्यात, रेवदंड्याच्या बाजूच्या एका लहान ठाण्यावर हजर झालो. ठाण्यात एक हवालदार आणि सहा शिपाई. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे. सकाळी हजेरी झाली की ते स्टेशन डायरी माझ्यापुढे ठेवत आणि म्हणत, "रावसाहेब, कायदा तुम्ही सांगा, माणसं मी सांगतो." मला ते तेव्हा थोडं लागायचं. आता वाटतं, इतका सरळ करार मला पुढे कुठल्याच ठाण्यात मिळाला नाही.

पहिली मोठी फिर्याद आली ती चोरीची. खाडीच्या तोंडाशी एक पडका किल्ला होता आणि किल्ल्यात पोर्तुगीजांच्या काळातली एक इगर्ज, म्हणजे चर्च, छप्पर नसलेली. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचा एक अधिकारी तपासणीला आला. त्याच्याजवळच्या जुन्या फोटोंत कमानीचे जे कोरीव दगड दिसत होते, त्यांतले अकरा जागेवर नव्हते. पहारेकरी आठवड्यातून एकदा फेरी मारी, त्याला काहीच माहीत नव्हतं. खात्याचा संशय असा, की मुंबईतले जुन्या वस्तूंचे व्यापारी माल उचलत आहेत.

मीही तेच धरून चाललो. तीन आठवडे मी रेवसच्या धक्क्यावर मुंबईला जाणाऱ्या लाँचमधल्या पेट्या उघडून पाहिल्या. निघाले काय, तर आंबे, सुकट आणि एका नवरीचा रुखवत. त्या नवरीच्या मामाने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खबर मिळाली ती मी न शोधता. एका दुपारी एक कोळीण ठाण्यात आली. कंबरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

"फौजदार कोन?"

"मी."

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तू? बरं. माजी सुकायला घातलेली मासली तुडवून जातान. त्यांना धर."

"कोण?"

"ती इगर्जीवाली. खारीच्या वरच्या गावातली. उधानाच्या दिशी होरी आनतान आनि माज्या मासलीवरून उतरतान. होरीत जाला न्हाय, मासली न्हाय, तरी होरी काठापर्यंत पान्यात. रिकामी होरी इतकी बुडंल का? माना येडी समजतान!"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचं म्हणणं लिहून घेतलं. तिला मात्र लिहिण्यात रस नव्हता. "लिवतो काय? मासली लिवून सुकंल व्हय?" असं म्हणून ती गेली.

उधाणाच्या दिवशीच का, हे मला हवालदारांनी समजावलं. त्या गावापर्यंत जाणारी खाडीची वाट इतकी उथळ, की जड होडी फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाच वर सरकते. म्हणजे होडीत जड काहीतरी होतं, आणि ते मुंबईला जात नव्हतं. उलट दिशेला जात होतं.

आम्ही त्या गावात गेलो. तीस-पस्तीस ख्रिस्ती घरं, माडांच्या सावलीत. घरात ते आपली जुनी पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलत, आमच्याशी मराठी. मधोमध त्यांची लहानशी इगर्ज. महिन्यातून एकदा बाहेरून पाद्री येत आणि त्यांनीच मला परिस्थिती सांगितली. आदल्या पावसाळ्यात दाराकडची भिंत कोसळली होती आणि छप्पर बांबूंच्या टेकूवर उभं होतं. बिशपच्या कचेरीतून निरोप आला होता, की एवढ्याशा गावासाठी दुरुस्ती होणार नाही. पुढच्या पावसाआधी भिंत उभी राहिली नाही तर इगर्ज बंद करायची आणि लोकांनी प्रार्थनेला खाडीपलीकडच्या गावात जायचं. "आणि पावसाळ्यात खाडी ओलांडायची म्हणजे म्हाताऱ्यांनी जायचंच नाही," पाद्री म्हणाले. भिंत कुणी बांधली असं विचारलं तर म्हणाले, "मी पुढच्या महिन्यात आलो तेव्हा ती उभी होती. मी देवाचे आभार मानले. दगड कुठले ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?"

भिंत उभी होती, वर पांढराशुभ्र गिलावा. ती बांधणारा गवंडी सत्तरीचा. गुडघ्यापर्यंत पंचा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच. मी त्याला दारातल्या बाकावर बसवून जबाब घ्यायला लागलो.

"बाबा, दगड कुठले?"

"डोंगरातले."

"कुठला डोंगर?"

"देवानं केलेला."

बरोबरचा शिपाई हसला. गवंडी मात्र तसाच गंभीर. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, की एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहावा. मी तसा विचारत राहिलो आणि तो डोंगरावरून हलला नाही. दुपार झाल्यावर त्यानेच मला विचारलं, "सायबा, जेवलास का?"

तेव्हा मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. जमिनीपासून छपरापर्यंत, अगदी सरळ. मी हवालदारांना दाखवली. ते जवळ गेले, बोटाने गिलाव्याची कड खरवडली आणि जिभेला लावली.

"गूळ," ते म्हणाले. "शिंपल्यांच्या चुन्यात गुळाचं पाणी घातलंय. जुनी पद्धत. असला चुना आता कोण वापरत नाही, रावसाहेब."

गवंड्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याला आनंद झाला होता. त्याची कारागिरी ओळखणारा माणूस भेटला होता, पोलिसांत का असेना. दोघं बराच वेळ चुन्याबद्दल बोलत बसले आणि मी हातात जबाबाचा कागद घेऊन मूर्खासारखा उभा.

पण चुन्यात गूळ घालणं हा गुन्हा नाही. दगड कोरीव होते की नाही ते गिलाव्याखाली. नुसत्या संशयावर प्रार्थनेच्या जागेची भिंत फोडायची माझी हिंमत नव्हती आणि मला ते योग्यही वाटत नव्हतं.

रविवारी मी साध्या कपड्यांत पुन्हा गेलो आणि अंगणात उभा राहिलो. लोक येत होते. दाराच्या उजवीकडे पाण्याचं कुंड, त्यात बोटं बुडवून कपाळाला लावत, ते मला कळत होतं. पण त्यानंतर प्रत्येकजण, अगदी प्रत्येकजण, डावीकडच्या नव्या भिंतीवर छातीच्या उंचीला एका जागी हात टेकवी आणि बोटं ओठांना लावी. तिथे ना तसबीर, ना क्रूस. कोरा गिलावा. त्यावर हातांनी तळव्याएवढा मळकट डाग पडला होता. बाकीची भिंत दुधासारखी आणि मध्येच तो डाग.

प्रार्थना संपल्यावर मी गवंड्याला तिथे नेलं.

"इथे काय आहे, बाबा?"

"काय न्हाय. भिंत हाय."

"मग हात कशाला लावता?"

मागे गाव गोळा झालं होतं. एक म्हातारी त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तो तिच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"धा फिरवले मी," तो म्हणाला. "नक्षी आत, पाठ भाईर. कोनाला दिसनार न्हाय. पन ह्या एकावर क्रूस हाय, सायबा. त्याचं तोंड आत कसं करायचं? पायाशी कसा घालायचा? छातीपाशी लावला, वर पातळ हात मारला. माझ्याच मानसांना सांगितलं, हात लावू नका. ऐकतात कुठं?"

"म्हणजे किल्ल्यातले दगड तुम्हीच आणले."

"आमच्याच आज्या-पणज्यांची इगर्ज ती. तिथं बकऱ्या बसतात. इथं मानसं बसनार होती. मी मागायला गेलो असतो तर दिले असते तुमच्या सरकारनं?"

सरकारने दिले नसते.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून पंचांसमोर दगड दिसायला हवा होता. मी तसं सांगितलं आणि ठाण्यातून शिपाई व शेजारच्या गावातून पंच बोलावून घेतले. भिंतीला हात लावायला माझा एकही शिपाई तयार नव्हता. तेव्हा गवंडी घरी गेला, आपली हत्यारं घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा उघडा करू लागला. इतक्या हळुवारपणे, की दगडावर ओरखडा न उठता चुना कणाकणाने गळत होता. क्रूस दिसला, खाली आम्हा कुणालाच न वाचता येणारी अक्षरं दिसली. मागे लोक गुडघ्यांवर बसले. पंच हिंदू, तेही उभे राहायला संकोचले. मी पंचनामा लिहीत होतो.

त्याने नकार दिला असता तर माझ्याकडे डागाशिवाय काहीच नव्हतं. हे त्याला कळत होतं, असं मला आजही वाटतं.

होडीतल्या बाकीच्यांची नावं त्याने सांगितली नाहीत, त्याला एकट्याला अटक करावी लागली. दुसऱ्या दिवशी ती कोळीण टोपलीत भाकरी आणि कालवण घेऊन ठाण्यात आली आणि माझ्यावर तुटून पडली.

"मी म्हाताऱ्याची तक्रार केली? मी मासलीची केली! ह्यानं माज्या बापाच्या घराची चूल बांधली हाय!"

"मावशी, कायद्याप्रमाणे..."

"कायदा तुज्या कागदात ठेव. जामीन लागतो ना? मी र्‍हाते."

आणि खरोखरच ती मॅजिस्ट्रेटसमोर जामीन राहिली. कोर्टात गवंड्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला कोर्ट उठेपर्यंत कैद अशी शिक्षा झाली. तो दिवसभर कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून राहिला. कोर्टाची भिंत कशी ओलावली आहे, हे त्याने संध्याकाळी निघताना पट्टेवाल्याला सांगितलं.

प्रश्न मात्र पुढेच होता. अकरा दगड हा मुद्देमाल होता, तो सरकारात जमा व्हायला हवा. आणि त्या मुद्देमालावर छप्पर उभं होतं. पावसाला तीन आठवडे राहिले होते. भिंत उतरवली की इगर्ज बंद, हे सगळ्या गावाला माहीत होतं. खात्याच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं, दगड ताबडतोब काढून पाठवावेत.

मी अहवाल इंग्रजीत तीनदा लिहिला, तिन्ही वेळा फाडला. शेवटी हवालदार म्हणाले, "रावसाहेब, देवाचं लिहू नका, सरकारला ते पटत नाही. चुन्याचं लिहा." मी गवंड्याकडे गेलो आणि विचारलं, भिंत उतरवली तर किती दगड शाबूत निघतील? तो म्हणाला, "गुळाच्या चुन्यात बसलेला दगड फुटतो, निघत न्हाय. एक निघाला तर तुझं नशीब." मी तेच लिहिलं. दगड वाचवायचे असतील तर ते आहेत तिथेच राहू द्यावेत, पंचनाम्यात नोंदवून पाद्रींच्या ताब्यात द्यावेत, अशी शिफारस केली.

सुपरिंटेंडेंट साहेबांनी बोलावून घेतलं. "तुम्ही चोर पकडायला गेला होता की वकिली करायला?" साहेबांनी अहवाल पुन्हा वाचला, त्यातली व्याकरणाची एक चूक स्वतःच्या पेनाने दुरुस्त केली आणि सही करून तो मुंबईला पाठवला. त्यांचेही आभार मी तेव्हा मानले नाहीत.

उत्तर यायच्या आत माझी बदली खानदेशात झाली. निघताना गवंडी भेटायला आला नाही. त्याचा मला राग आला नाही. ज्याच्या इगर्जीचा आपण पंचनामा केला त्याने निरोप द्यायला यावं, ही अपेक्षाच चुकीची.

या तपासाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात तेव्हा मी गडबडतो. शिकलेला माणूस म्हणून मी त्या ठाण्यावर गेलो होतो, पण चुना, भरती आणि माणसाचा हात कुठे जातो हे मला दुसऱ्यांनी दाखवलं. हवालदारांनी मला शिव्या न देता शिकवलं. कोळणीने खरं बोलून, मग माझ्याशी भांडून शिकवलं. आणि ज्याला मी आरोपी केलं त्याने मला एकही दगड न फोडता माझं काम करू दिलं. चोरी ती चोरीच, असं मी आजही म्हणेन. पण पुढच्या तीस वर्षांत वस्तू कुणी नेली याबरोबरच ती कशासाठी नेली हे मी प्रत्येक तपासात विचारलं, आणि ते विचारल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

खानदेशात पाऊस सुरू झाला तसा मी रोज टपालाची वाट पाहू लागलो. महिना गेला. मग हवालदारांचं कार्ड आलं, त्यांच्या ठसठशीत अक्षरांत:

"रावसाहेबांस नमस्कार. मुंबईहून हुकूम आला. भिंतीस हात लावणे नाही. दगड इगर्जीतच सरकारी नोंदीने राहतील. म्हातारा विचारीत होता, क्रुसावर पुन्हा गिलावा करू काय. मी नको म्हटले. काल रविवार. सकाळपासून पाऊस फार होता. सर्व मंडळी आत बसली होती."