दाढीचा केस आणि बावन्न डिग्री

ऑर्विल स्टकीचा कुणावरच विश्वास नव्हता. पोस्टमनवर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, आणि दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर तर मुळीच नव्हता. चाळीस वर्षं वाळवंटातल्या युमा गावाच्या रणरणत्या उन्हात त्यानं लोकांच्या घरांसाठी पत्र्याचे हवेचे डक्ट बनवले. हवा कशी खेळवायची हे त्याला दुकानदारानं शिकवायचं? हॅट!

बायको नेव्हा गेली आणि तिचा भाऊ रॉस्को, लेट्यूसच्या भाजीच्या पॅकिंग शेडमधून निवृत्त झालेला, मयतीला म्हणून आला तो ऑर्विलच्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या घरात, राहूनच गेला. दोघांनाही आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. रॉस्को बीन्स शिजवायचा, ऑर्विल त्यांना नावं ठेवायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा.

नेव्हाचा कॉम्प्युटर उन्हाळ्यात तापून बंद पडायला लागला तेव्हा ऑर्विलला नवा उद्योग सापडला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, त्याच्यावर बसणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा त्यानं काढला. तसबिरीच्या काचेवर पॉलिशपेपर ठेवून चार दिवस तो ठोकळा घासला, तळात आपलं नाक दिसेपर्यंत. कपडे वाळवायच्या मशीनच्या नळीतून बाहेरची हवा थेट पंख्यावर आणली. धूळ अडवायला नळीच्या तोंडावर नेव्हाचा नायलॉनचा मोजा ताणून बसवला. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावायची खास पेस्ट आणायला मात्र तो गेला नाही. न्हाणीघरातली टूथपेस्ट लावली. पहाटेच्या गारव्यात प्रोसेसरचं तापमान मोजलं, एक्केचाळीस डिग्री! इंटरनेटवर असल्या घरगुती कारागिरांचा एक फोरम होता. तिथं रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या मशीनच्या तापमानाचा आकडा टाकायचा अशी पद्धत. ऑर्विलनं टाकला आणि आठवडाभर मिशीत हसत होता.

"टूथपेस्ट वाळते हो," दूर सॅस्कॅचवान प्रांतातल्या कुणा बाईनं तिथं लिहिलं. "महिन्याभरात खडू होईल तिचा."

"ही दुकानवाल्यांचीच बाई," ऑर्विल म्हणाला. "मला पेस्ट विकायला बसलीय."

"असेल," रॉस्को म्हणाला आणि बीन्स ढवळत राहिला.

मग आकडा चढायला लागला. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. आता रोज फोरमवर काय तोंड दाखवायचं? कुणीतरी आपल्या मशीनला हात लावतंय, हे ऑर्विलच्या मनानं घेतलं. आणि ट्रेलरमध्ये होतंच कोण? दर मंगळवारी रक्तदाब तपासायला तो दवाखान्यात जायचा, तेव्हा रॉस्को एकटाच घरी असे. एका मंगळवारी ऑर्विलनं दाढीचा एक पांढरा केस उपटला आणि थुंकी लावून कॉम्प्युटरच्या झाकणाच्या फटीवर चिकटवला; कुणी झाकण उघडलं की तो सुटणारच. परत आला तर केस जागच्या जागी. पुढच्या मंगळवारीही तसाच. तिसऱ्या मंगळवारी केस गायब, आणि आकडा बावन्न.

"उघडलंस ना?"

"उघडलं," रॉस्को म्हणाला.

"कशाला?"

"सांगून तुला पटणार आहे का?"

"लेका, माझ्या घरात राहतोस, माझं खातोस आणि माझ्याच पाठीत सुरा! काय बिघडवलंस बोल! जळतोस तू माझ्यावर!"

रॉस्कोनं गॅस बंद केला. पिशवी भरायला त्याला फारसा वेळ लागला नाही. जाताना दार हलकेच लोटून गेला, आणि त्याचाच ऑर्विलला जास्त राग आला.

आता आकडा उतरणार, या खात्रीनं ऑर्विल रोज सकाळी स्क्रीनसमोर बसायचा. पंचावन्न. एकोणसाठ. पुढच्या मंगळवारी भर दुपारी कॉम्प्युटर गपकन बंद पडला.

शिव्या घालत त्यानं झाकण काढलं. नळीवरचा मोजा धुळीनं तपकिरी झाला होता, हवा जायला जागाच नव्हती. रॉस्को गेला त्या दिवशी त्यानं आत पाहिलं होतं, तेव्हा मोजा स्वच्छ होता; एका आठवड्यात एवढी धूळ? मग आधी कधीच कशी दिसली नाही? तो तरातरा रॉस्कोच्या खोलीत गेला. खिडकीच्या दांडीवर, चिमट्यात, नेव्हाच्या जोडीतला दुसरा मोजा स्वच्छ धुऊन वाळत घातलेला होता.

ऑर्विल तिथंच पलंगावर बसला. मग उठून त्यानं ठोकळा काढला. खालून टूथपेस्टचे पांढरे कपचे भुरभुर गळले. चूक त्याची होती, सगळीच्या सगळी, आणि हाकललं होतं त्यानं रॉस्कोला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गावभर शोधल्यावर रॉस्को दिसला, बसस्टँडजवळच्या मोटेलबाहेर खुर्ची टाकून बसलेला. ऑर्विलनं ट्रक थांबवला.

"टूथपेस्ट वाळली होती," तो कसाबसा म्हणाला.

"हं."

"मोजा तू धूत होतास. मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बहिणीच्या वस्तूंवर डोळा आहे."

हे खरंच होतं. अगदी हेच म्हणाला असता तो.

"पण दोन मंगळवार तो केस..." ऑर्विल अडखळला.

"दिसला होता मला. पहिल्याच दिवशी." रॉस्को समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "मोजा बदलून झाला की मी तो परत चिकटवायचो. तुझ्यासारखीच थुंकी लावून. तिसऱ्या वेळी मात्र हात उठेना. या वयात, ऑर्विल, स्वतःच्याच घरात किती दिवस चोरासारखं वागायचं?"

ऑर्विलनं त्याची पिशवी उचलली आणि ट्रकमध्ये ठेवली. रॉस्को उठला, खुर्ची मोटेलच्या भिंतीशी नीट लावली. मग ट्रकमध्ये जाऊन बसला.