प्लॅन तीनशेचा, डबा शंभरचा

आमच्या नाशिकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटचा राउटर आला, त्या दिवशीच आईने त्याला पैठणीच्या तुकड्याचं झाकण शिवलं. वडिलांनी पस्तीस वर्षं येवल्यात मागावर पैठण्या विणल्या. त्यामुळे आमच्या घरात तुकडे भरपूर, अख्खी पैठणी एकही नाही. राउटर मात्र मोराच्या पदराखाली दिवे मिचकावत बसला. कंपनीने तो फुकट दिला होता, म्हणून बसवायला आलेल्या माणसाचे मी दोनदा आभार मानले.

आभार मानायची माझी सवय जुनी आहे. घरातला पहिला पदवीधर होईपर्यंत मी बरंच काही फुकट घेतलं: गणवेश, शिष्यवृत्ती, सरांची जुनी गाइडं, वसतिगृहातली कॉट. मिळेल ते घ्यायचं, सही करायची, आभार मानायचे. कॉटचा एक पाय आखूड निघाला तर त्याखाली वीट लावायची, तक्रार करायची नाही. या वळणामुळे मी शिकलो हे खरंच आहे, आणि त्या सगळ्यांबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण राउटरच्या बाबतीत याच वळणाने माझा घात केला.

माझं ऑफिस पुण्यात आहे आणि मी काम घरून करतो. त्या दिवसांत तर ते फारच गरजेचं होतं. वडिलांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात होती. डोळ्यात थेंब घालणं, दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे होतं. तेवढ्यात मॅनेजरची मेल आली. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपला वायर जोडून नेटचा वेग मोजावा आणि शुक्रवारी पाचच्या आत स्क्रीनशॉट पाठवावा. वेग दोनशे एमबीपीएसच्या खाली असेल त्याने एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं.

मी निर्धास्त होतो, कारण माझा प्लॅन तीनशेचा होता. वायर आणली, जोडली, वेग मोजला. चौऱ्याण्णव. पुन्हा मोजला. चौऱ्याण्णव. दहावीला गणितात मला एवढेच मार्क पडले होते, तेव्हा घरी पेढे वाटले होते. आता त्याच आकड्यावर मी नापास होत होतो.

आईने आधी स्वतःवर घेतलं. "माझ्या झाकणानं गुदमरलं असंल ते," म्हणत तिने पैठणी काढली. आकडा हलला नाही. तिने पैठणी परत घातली.

मग मी राउटर बसवून गेलेल्या कंपनीच्या त्याच माणसाला बोलावलं. हा चाळिशीतला गृहस्थ, कमरेला पक्कड लावून फिरणारा, बोलायला अत्यंत गोड. सोमवारी त्याने राउटर बंद करून चालू केला आणि पोहे खाल्ले. मंगळवारी भिंतीवर टकटक करून "सर, तुमच्या भिंती जाड आहेत" असं निदान केलं आणि उपमा खाल्ला. वायरीला भिंतीची काय अडचण, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण घरी आलेल्या माणसाला असं कसं विचारायचं? त्याऐवजी मी आभार मानले.

"हा येतो कशाला रे?" तो गेल्यावर वडिलांनी विचारलं.

"नेट दुरुस्त करायला."

"मला वाटलं, जेवायला."

गुरुवारी तो आला तेव्हा आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. दुसऱ्या वाटीला त्याचं मन भरून आलं असावं.

"सर, खरं सांगू का? हा डबाच शंभरचा आहे. त्याच्या वरचं त्याच्यातून निघतच नाही."

"मग तीनशेचा प्लॅन?"

"प्लॅन तीनशेचाच आहे. बाहेरची लाइन येते त्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीपर्यंत तीनशे बरोबर येतात. पुढं हा डबा अडवतो."

"तुम्ही हे सोमवारी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही सर. तुम्ही थँक्यू म्हणालात."

तो म्हणाला, चांगला राउटर स्वतः आणा, पांढऱ्या डबीची वायर त्यात खोचा, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड मी देतो. त्याने दोन्ही वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिलं. मी पुन्हा आभार मानले, सवयच ती.

शुक्रवारी दुपारी मी दुकानातून हजारापर्यंत वेग देणारा राउटर आणला. जुना सोडवला, पांढऱ्या डबीकडून येणारी त्याचीच वायर नव्यात खोचली, नाव आणि पासवर्ड टाकला. नव्या राउटरच्या खोक्यात वायर मिळाली होती, पण जुनी धडधाकट असताना नवी कशाला वापरायची? ती तशीच गुंडाळलेली मी आईकडे दिली, कपाटात ठेवायला. आमच्याकडे नवी वस्तू आधी कपाटात जाते.

वेग मोजला. चौऱ्याण्णव.

तीन वाजून गेले होते. मी खुर्चीत बसलो आणि पुण्यात खोली कुठे शोधायची याचा विचार करू लागलो. वडिलांचे थेंब आई घालू शकली असती, पण डोळ्याजवळ हात न्यायला ती घाबरते. दवाखान्याचा जिना वडील एकटे चढले नसते. दोघंही समोरच बसली होती.

आईच्या हातात ती नवी वायर होती. वडिलांनी ती मागून घेतली. रिकाम्या हातांना काहीतरी लागतं त्यांना. वायरीचं टोक पारदर्शक प्लास्टिकचं असतं, आतले रंगीत धागे दिसतात. त्यांनी ऑपरेशन न झालेला डोळा मिटला आणि नव्या डोळ्याने ते टोक उजेडात धरलं. मग राउटरजवळ जाऊन जुन्या वायरीचं टोक तसंच निरखलं.

"ह्या जुनीत चारच तारा हायत. नवीत आठ."

"असू द्या ना दादा," मी वडिलांना म्हणालो.

"असू द्या काय? मागावर उभ्या ताण्यात निम्म्या तारा सोडल्या तर लुगडं व्हईल का? ही कुणी बांधली?"

बांधली होती खिचडीवाल्यानेच. शंभरच्या डब्याला चार तारा पुरतात, म्हणून त्याने बाकीच्या चार कापून टाकल्या होत्या. वायर बदलायला अर्धं मिनिट लागलं.

दोनशे शहाऐंशी.

मी स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मॅनेजरचं उत्तर आलं: नोटेड. नाशिकला राहायची परवानगी मला त्या एका शब्दात मिळाली.

"एवढंच लिव्हलं?" आईने विचारलं. "आभार नाय मानले?"

"नाही."

"शिकलेली दिसत्यात," वडील म्हणाले.

पुढच्या आठवड्यात जुना डबा परत न्यायला तो कंपनीचा माणूस आला. आईने पैठणीचं झाकण काढून नव्या राउटरला घातलं, डबा त्याच्या हातात दिला आणि चहा ठेवला. तो वडिलांजवळ बसला.

"बाबा, डोळा कसा आहे आता?"

"एकच झालाय. तेवढ्यावर तुमची वायर पकडली," वडील म्हणाले. "दुसरा होऊ द्या, मग या परत."