वाटाण्याएवढा डोळा

"व्हईल की बरं, ताई," असं म्हणून ती आपल्या पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरायची. सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. तुम्ही कधी अशा बाकावर बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शेजारच्याचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं की लहान, हेच माणूस आधी बघतो.

माझ्या मुलीचा डावा डोळा जन्मतःच वाटाण्याएवढा. त्यात नजर नव्हती, येणारही नव्हती. खोबण वाढावी म्हणून डॉक्टर त्यात प्लॅस्टिकची वाटी बसवायचे, दर काही महिन्यांनी थोडी मोठी. उजव्या डोळ्याच्या पडद्याला खाच, त्या डोळ्यानं अंधुक दिसायचं. तिच्या मुलीला जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "तो काढता येईल," असं डॉक्टर तिला म्हणाले, ते मी ऐकलं. त्या दिवसापासून ती मला आवडेनाशी झाली.

ती जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. हंगामात आमच्या तासगावात बेदाण्याच्या शेडवर कामाला यायची. दवाखान्यात ओच्यातले चुरमुरे सगळ्यांच्या पोरांना वाटायची. तिची चाहूल लागली की माझी मुलगी माझ्या मांडीवरून उतरून चाचपडत तिच्याकडे जायची. तेही मला खुपायचं.

तिच्या मुलीचं ऑपरेशन झालं आणि जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्यांदा तो डोळ्यांवर चढवला तेव्हा पोरीनं आईच्या नाकातल्या चमकीला बोट लावलं.

"बघतीया," ती म्हणाली. "ताई, ही मला बघतीया."

"छान झालं," मी म्हणाले आणि पाण्याची बाटली भरायला उठले. बाटली भरलेलीच होती.

परत आले तर ती माझ्या नवऱ्याकडे बघत होती. तो मुलीला मांडीवर घेऊन कापसानं तिचा डोळा पुसत होता.

"तुमचं मालक दर बारीला येत्यात?"

"येतात."

"आमचं एकदाबी आलं न्हाईत. मी गिराणात भाजी चिरली म्हणून पोर अशी जन्मली म्हणत्यात. हात लावत न्हाईत तिला." मग म्हणाली, "तुमची पोर लय नशिबाची."

माझ्या मुलीला नशिबाची म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी जाऊन नवऱ्याला खेटून बसले, गरजेपेक्षा जरा जवळ.

पुढे त्यांना तपासणीच्या लांबच्या तारखा मिळू लागल्या, आम्हाला नाही. ती दिसेनाशी झाली.

गेल्या हंगामात तासगावच्या नाक्यावर शेडकडे जाणारा ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. ती पाठमोरी होती. तिच्या खांद्यावरून चष्म्याला इलॅस्टिक बांधलेली पोर रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात हलवत होती. आम्हा मायलेकींनाही तिनं हात केला. माझ्या मुलीला तो दिसला नाही.

मी तशीच उभी राहिले. मग माझ्या मुलीचा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि हलवला. तोवर ट्रॅक्टर वळला होता.