गाजर गवताचा गुच्छ

लातूर नवं नवं जिल्ह्याचं गाव झालं, तेव्हा तिथल्या कारकुनांच्या चालीत पडलेला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. काल तालुक्याला पान चघळत बसणारी माणसं आज 'जिल्हा पातळीवर' हा शब्द तोंडात घोळवू लागली. त्या जिल्ह्याला प्यायला पाणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. दुष्काळ होता, आणि आमच्या भाड्याच्या कचेरीत एका रांजणात टँकरचं पाणी भरून ठेवत. मी तिथं लिपिक होते, कचेरीतली एकटीच बाई.

टँकर कचेरीमागं उभा राही आणि गळत राही. त्या ओलीवर, माझ्या खिडकीखाली, कमरेएवढं गाजर गवत माजलं होतं, बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेलं. सगळ्या आवारात हिरवं म्हणून तेवढंच, त्यामुळं आमच्या बडे बाबूंना त्याचं फार कौतुक. ते उपटायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. उलट ग्लास विसळलेलं पाणी शिपाई त्यालाच घाली. शेतकऱ्यांच्या पोटी जन्मलेल्या माणसांनी तणाची बाग करावी, याला जिल्हा पातळीवरचीच अक्कल लागते.

काही महिन्यांत माझ्या पापण्या सुजल्या, मग गाल, मग गळा. लाल पुरळ, आणि खाज अशी की टाचणीनं खरवडावंसं वाटे. मग कचेरीतला प्रत्येक जण वैद्य झाला. एकानं वांगं बंद करायला सांगितलं. दुसऱ्यानं पावडरीवर ठपका ठेवला, तिसऱ्यानं साबणावर. चौथा म्हणाला, कुंकवात हल्ली भेसळ असते. मी कुंकू लावत नाही, हे वर्षभर समोर बसूनही त्याला दिसलं नव्हतं. मीही काही मोठी शहाणी नव्हते. हळद आणि लिंबू चोळलं, तर कातडी पोळली. मग औषधाच्या दुकानातून कुणालाही न दाखवता एक ट्यूब आणली. लावली तेवढे दिवस चेहरा गुळगुळीत राहिला, थांबवली आणि दुप्पट लाल झाला.

एका सकाळी बडे बाबूंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी मऊ होता. त्यांच्या मऊ आवाजाची मला आजही किळस येते.

"बाई, तुमचा ग्लास येगळा ठिवलाय खिडकीत. राग मानू नका. लागण झाली तर समद्यालाच तरास हाय."

कचेरीत सगळे वरूनच पाणी पीत. ग्लासाला ओठ कुणाचाच लागत नव्हता. तरी रांजणाला मी हात लावायचा नाही, शिपायानं माझ्या ग्लासात उंचावरून ओतायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत कुंकवाची भेसळ सांगणाराही होता.

माझ्या आईनं देवणीच्या बाजारात ओंजळीनं पाणी प्यालेलं होतं. कुणी ओतलं, किती उंचावरून ओतलं, हे तिनं मला एकदाच सांगितलं. आम्ही बौद्ध झालो, मी शिकले, नोकरी लागली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की आता तू आपल्या हातानं घेऊन पी. त्या दिवशी मी तहानलेलीच घरी गेले आणि तिला काही सांगितलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरबाईंनी चेहरा पाहून पहिला प्रश्न विचारला तो बसता कुठं हा. मी खिडकी सांगितली, गवत सांगितलं. पुरळ उघड्या जागीच आहे, कपड्याखाली नाही, म्हणजे गवताचे बारीक कण हवेतून लागतायत, असं त्या म्हणाल्या. साबणानं, पावडरीनं, कुंकवानंही उठतं, पण बहुतेक जिथं लावलं तिथं. ती ट्यूब त्यांनी माझ्यादेखत कचऱ्यात टाकली. यानं कुणाला लागण होत नाही, असं कागदावर लिहून दिलं.

बडे बाबूंनी तो कागद वाचला, शिक्का मारला, फाईलला लावला. मला टेबल पलीकडच्या भिंतीशी हलवू दिलं. यथावकाश चेहरा निवळला. ग्लास मात्र खिडकीतच राहिला. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बघू म्हणाले. तेव्हा मला कळलं की पुरळाची त्यांना नुसती सोय झाली होती.

मग मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. दुष्काळात बाजारात फूल मिळेना. बडे बाबूंनी बाह्या सावरल्या, खिडकीखाली उतरले आणि स्वतःच्या हातानं गाजर गवताची फुलं खुडून गुच्छ बांधायला बसले. मी सांगितलं की हे अंगाला वाईट आहे, डॉक्टरांचा कागद तुमच्याच फाईलला आहे. ते हसले. तुम्हाला सोसत नाही म्हणून समद्यांना सोसत नाही का, म्हणाले, आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला. साहेबांनी गुच्छ घेतला आणि न बघताच शिपायाकडं दिला.

दोन दिवसांनी बडे बाबू आले ते एका डोळ्यानं बघत. दुसरा सुजून मिटला होता. गाल टरारलेले, कानामागून लस गळत होती. लगेच कुणी खुर्ची पुढं केली, कुणी पंखा वळवला. ते रांजणाशी गेले, आत हात घालून सगळ्यांचा ग्लास बुडवला आणि प्याले. मी वाट पाहिली. इतक्या जणांत एखादा तरी बोलेल असं मला खरंच वाटलं होतं.

मग मी उठले. खिडकीतला माझा ग्लास आणून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"बडे बाबू, आता हा तुम्ही वापरा. लागण झाली तर समद्यालाच तरास हाय."

मी रांजणाशी गेले, आपल्या हातानं पाणी काढलं आणि सगळे बघत असताना सावकाश प्याले. मला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "पानी गार व्हतं का?"

मी म्हणाले, "हाव."